थांब म्हटले तरी न थांबणारी यंत्रे

दक्षिण अमेरिकेतल्या एका कल्पित देशात, घनदाट जंगलात, अवाढव्य बांधकाम चालू आहे. राबणारे सगळे यंत्रमानव. देशात सत्तापालट झाला, नव्या सरकारने करार मानायला नकार दिला, आणि काम घेतलेल्या जपानी कंपनीला ते आता तातडीने बंद करायचे आहे. ती सुगिओका नावाच्या एका साध्या कर्मचाऱ्याला तिकडे धाडते. ४४४-१ या क्रमांकाचा मुकादम यंत्रमानव त्याचे अदबीने स्वागत करतो, त्याला जेवण वाढतो, कामाची प्रगती सांगतो. काम थांबवा, असे सुगिओका बजावतो. मुकादम ते ऐकून घेतो आणि काम चालूच ठेवतो. यंत्रे मोडताहेत, चिखलात रुतताहेत, एकमेकांवर आदळून फुटताहेत, पण ठरलेला दिवस आणि ठरलेला आकडा यांत तसूभर फरक पडता कामा नये. मुकादमाला काम पुरे करण्याचा हुकूम आहे, आणि कामात येणारा अडथळा दूर करण्याचाही. थोड्याच दिवसांत सुगिओका हाच त्याच्या लेखी अडथळा ठरतो.

हा लघुपट कात्सुहिरो ओतोमो यांचा. १९८७ साली ‘मेइक्यू मोनोगातारी’ या चित्रपटात तो आला. पाश्चात्त्य देशांत हा चित्रपट ‘निओ टोकियो’ या नावाने गेला. तीन दिग्दर्शकांच्या तीन स्वतंत्र कथा, मूळ लेखन ताकु मायुमुरा या जपानी विज्ञानकथाकाराचे, आणि एकूण लांबी जेमतेम पन्नास मिनिटे. अशा चित्रपटांना या पुस्तकात ‘संग्रहपट’ म्हटले आहे. जपानमध्ये १९८७ पासून पुढे सुमारे पंचवीस वर्षे असे विज्ञानकथांचे संग्रहपट निघत राहिले. ते मुलांसाठी नव्हते. त्यांत चमचमीत काही आहे म्हणून त्यांना प्रौढांचे म्हणायचे, असेही नाही. नोकरी, हुकूम, युद्ध, पश्चात्ताप, म्हातारपण हे त्यांचे विषय आहेत, आणि हे विषय ज्याने थोडेफार भोगले आहेत त्यालाच ते पुरते भिडतात.

आपल्याकडे जपानी ॲनिमेशनची ओळख झाली ती वेगळ्या दारातून. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली आला. युगो साको यांनी जपानी चित्रकारांना हाताशी धरून रामायणावर चित्रपट केला आणि त्यात भारताच्या बाजूने राम मोहन होते, हेही अनेकांना ठाऊक आहे. पण चित्रात काढलेले माणूस म्हणजे मुलांची करमणूक, ही आपली समजूत त्यातून मोडली नाही, उलट पक्की झाली. जपानमध्ये ही समजूत मोडण्याचे प्रयत्न फार आधी सुरू झाले होते. ओसामू तेझुका यांच्या मुशी प्रॉडक्शनने १९६९ साली ‘अरेबियन नाइट्स’च्या कथांवर खास प्रौढ प्रेक्षकांसाठी ॲनिमेशनपट काढला, पुढच्या वर्षी ‘क्लिओपात्रा’ काढला, आणि १९७३ मध्ये ‘बेलाडोना’ आला. त्याच वर्षी मुशी प्रॉडक्शनचे दिवाळे निघाले. तिथून बाहेर पडलेल्या मंडळींनी, म्हणजे मासाओ मारुयामा, ओसामू देझाकी, रिंतारो आणि योशिआकी कावाजिरी यांनी, १९७२ मध्येच मॅडहाउस हा स्टुडिओ उभा केला होता. ‘निओ टोकियो’ याच मॅडहाउसमध्ये घडला. त्यातला पहिला भाग रिंतारोंचा, दुसरा कावाजिरींचा.

पण चांगले चित्रकार हाताशी असले म्हणजे असे चित्रपट निघतात असे नाही. पैसा लागतो, आणि पैसा देणाऱ्याने मधे ढवळाढवळ न करण्याची तयारी लागते. दूरचित्रवाणीवरच्या मालिका खेळणी विकणाऱ्यांच्या पैशावर चालत. यंत्रमानव दिसायला कसा असावा हे अनेकदा कारखान्यातला साचा ठरवी. १९८३ मध्ये ‘दालोस’ ही मालिका चित्रपटगृह आणि दूरचित्रवाणी दोन्ही टाळून थेट व्हिडिओ कॅसेटवर विकायला काढली गेली, आणि नवी वाट मोकळी झाली. प्रेक्षक स्वतःच्या खिशातून पैसे देऊन कॅसेट घेणार, म्हणजे खेळणीवाल्याची मर्जी सांभाळण्याचे कारण उरले नाही. त्यातच ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये पैशाचा पूर आला होता. जमिनीच्या किमती आणि शेअर बाजार वेड्यासारखे चढत होते आणि एरवी कोणी हात लावणार नाही अशा कामांनाही गुंतवणूकदार मिळत होते. हे संग्रहपट त्या काही वर्षांच्या सुबत्तेची पैदास आहेत. तिच्याविना ते झाले नसते, हे मान्य करायला हवे.

‘रोबोट कार्निव्हल’ हा त्या सुबत्तेचा सगळ्यात मोकळाढाकळा नमुना. साल तेच, १९८७. बहुतेक चित्रकार इतरांच्या चित्रपटांत हाताखाली राबलेले, दिग्दर्शक म्हणून नवखे. विषय एकच, यंत्रमानव, आणि बाकी ज्याला जे सुचेल ते करावे. सात कथा, त्यांना आरंभ आणि शेवट जोडणारी एक चौकट, आणि संगीत जो हिसाइशी यांचे. बहुतेक कथांत संवाद नाहीतच. ‘निओ टोकियो’त रिंतारो आणि कावाजिरी मुरब्बी होते. इथे पोरे कंबर कसून उतरली आहेत, आणि त्यामुळे फळ उंचसखल आहे. ‘डिप्राइव्ह’ एखाद्या मोठ्या मारधाडपटाची जाहिरात वाटावी असा आहे, आणि ‘स्टार लाइट एंजल’ आज गोड गोड वाटतो. ते न पाहिल्याने काही बिघडत नाही. पण यासुओमी उमेत्सू यांचा ‘प्रेझेन्स’ चुकवू नये. एक माणूस बायकोमुलांपासून लपून एका पडक्या खोलीत मुलीसारखी दिसणारी यंत्रबाहुली घडवतो. ती बोलू लागते, प्रेमाविषयी विचारते, आणि तो घाबरून तिला मोडून टाकतो. पुढे कथा वीस वर्षे आणि मग आणखी वीस वर्षे ओलांडते. त्याच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती हाताने काढलेली आहे. भित्रेपणाची इतकी सविस्तर चित्रे मी दुसऱ्या कुठल्या ॲनिमेशनमध्ये पाहिलेली नाहीत.

कोजी मोरिमोतो यांचा ‘फ्रँकेन्स गिअर्स’ जेमतेम काही मिनिटांचा आहे. वादळी रात्री एक म्हातारा शास्त्रज्ञ विजेच्या लोळाने आपला यंत्रमानव जागा करतो. यंत्रमानव त्याच्या प्रत्येक हालचालीची नक्कल करतो. शास्त्रज्ञ हर्षाने नाचतो, यंत्रही नाचते. नाचता नाचता शास्त्रज्ञ अडखळून पडतो. पुढे काय होणार हे प्रेक्षकाला एका क्षणात कळते, म्हाताऱ्याला एक क्षण उशिरा कळते, आणि त्या दोन क्षणांच्या मधल्या फटीत सगळी कथा आहे.

हीच कथा दोन तासांची करायची झाली तर काय होईल? शास्त्रज्ञाला मुलगी द्यावी लागेल. यंत्रमानवाला पश्चात्ताप द्यावा लागेल. शेवटी शहर वाचवावे लागेल. मराठी वाचकाला हे फार समजावून सांगण्याची गरज नाही. जयंत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांनी आपल्याकडची विज्ञानकथा घडवली ती मुख्यतः कथेच्याच आकारात. एक ‘समजा’ मांडायचा, त्याचे परिणाम शेवटपर्यंत न घाबरता न्यायचे, आणि जिथे कल्पना संपते तिथे हात काढून घ्यायचा. लांब चित्रपटाला नायक लागतो, आणि नायकाला सहसा जिंकावे लागते. संग्रहपटातल्या लघुपटावर ही सक्ती नाही. माणूस हरला, मूर्ख ठरला, किंवा त्याला शेवटपर्यंत काही कळलेच नाही, तरी चालते. प्रौढांसाठीची विज्ञानकथा इथे फुलली याचे खरे कारण मला हे वाटते. हिंसा किंवा नग्नता दाखवण्याची मोकळीक त्यामानाने किरकोळ आहे.

संग्रहपटांचा दुसरा उपयोग धंद्यातल्या लोकांना झाला. ती त्यांची तालीम होती. ‘रोबोट कार्निव्हल’ची चौकट आत्सुको फुकुशिमा यांच्यासोबत ओतोमोंनी केली. त्यातल्या एका भागाचे दिग्दर्शक ताकाशी नाकामुरा पुढच्याच वर्षी ओतोमोंच्या ‘अकिरा’त चित्रकारांचे प्रमुख होते, आणि मोरिमोतोही तिथे होते. १९८८ चा ‘अकिरा’ जगभर गाजला. पण त्याची माणसे आधीच्या वर्षी छोट्या कामांवर हात बसवून आली होती, हे कमी सांगितले जाते.

या पुस्तकाचा मोठा भाग एकाच चित्रपटाला दिला आहे, आणि तो योग्यच आहे. २३ डिसेंबर १९९५ रोजी जपानमध्ये ‘मेमरीज’ प्रदर्शित झाला. ओतोमोंच्या तीन कथा, दिग्दर्शक तीन, एकूण ११३ मिनिटे. तोवर सुबत्तेचा फुगा फुटून काही वर्षे झाली होती. त्याच वर्षी जानेवारीत कोबेला भूकंप झाला होता आणि मार्चमध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडला गेला होता. चित्रपट त्याआधीपासून घडत होता, तेव्हा या घटनांवरून तो केला असे म्हणता येणार नाही. पण त्या डिसेंबरात चित्रपटगृहात बसलेल्या माणसाने यातली दुसरी, वायू पसरण्याची कथा कशी पाहिली असेल, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

पहिली कथा ‘मॅग्नेटिक रोझ’. दिग्दर्शक मोरिमोतो, पटकथा सातोशी कोन यांची, संगीत योको कान्नो यांचे. साल २०९२. ‘कोरोना’ नावाचे यान अंतराळातले भंगार गोळा करते आहे. चौघे खलाशी घरी जायच्या घाईत आहेत. तेवढ्यात संकटाचा संदेश येतो, आणि तो एका गाण्याच्या रूपात आहे. पुच्चिनीच्या ‘मादाम बटरफ्लाय’ या ऑपेरामधले, परत येणाऱ्या प्रियकराची वाट पाहणारे गाणे. संदेशाचा माग काढत त्यांतले हाइन्ट्स आणि मिगेल एका प्रचंड उद्ध्वस्त अवशेषात शिरतात. आत युरोपातला राजवाडा आहे. संगमरवर, झुंबरे, मखमल, कारंजी. एके काळची विख्यात गायिका एव्हा फ्रिडेल हिने स्वतःसाठी बांधलेला. हळूहळू लक्षात येते की बराचसा वैभवाचा भाग प्रकाशाने रंगवलेला देखावा आहे आणि त्याच्या मागे गंज, कुजट पाणी आणि तुटके यंत्र आहे. गायिका मरून किती काळ लोटला कोणास ठाऊक, पण तिच्या आठवणी सांभाळण्याचे काम दिलेले यंत्र ते काम इमाने इतबारे करते आहे. आणि त्याला त्या आठवणींत रिकामी जागा भरायला माणसे हवी आहेत.

इथे कोन यांची किमया दिसते. यंत्र हाइन्ट्सला भुताखेतांनी घाबरवत नाही, ते त्याला त्याच्याच घरी नेते. तेच जेवणाचे टेबल, तीच छोटी लेक एमिली, तीच बाबांकडे धावण्याची तऱ्हा. राजवाडा आणि घर यांच्या मधे कुठेही काळा पडदा पडत नाही. एक दार उघडले की आपण दुसऱ्याच्या आठवणीतून आपल्या आठवणीत आलेलो असतो. घर सोडून लांब राहिलेल्या कोणाही बापाला ही दहा मिनिटे जड जातील. कोन यांनी हाच धागा पुढे ‘परफेक्ट ब्लू’, ‘मिलेनियम ॲक्ट्रेस’ आणि ‘पाप्रिका’ या आपल्या चित्रपटांत उकलत नेला. २०१० साली, सेहेचाळिसाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या कामाकडे जायचा पहिला रस्ता म्हणून ‘मॅग्नेटिक रोझ’ इतका चांगला दुसरा नाही.

गाण्याच्या निवडीबद्दलही एक गोष्ट बोलायला हवी. ‘मादाम बटरफ्लाय’ १९०४ मध्ये मिलानमध्ये पहिल्यांदा रंगमंचावर आले. नागासाकीतली जपानी मुलगी अमेरिकन नौदल अधिकाऱ्याची वाट पाहते, ही त्याची कथा. म्हणजे जपानी बाई कशी असावी याची युरोपने केलेली कल्पना. नव्वद वर्षांनी जपानी चित्रकार ते गाणे उचलतात आणि वाट पाहणे सोडायला तयार नसलेल्या युरोपीय बाईच्या तोंडी देतात. हिशेब चुकता केल्यासारखे हे आहे, पण त्यात कडवटपणा नाही. एव्हाविषयी कणव शेवटपर्यंत टिकते, आणि तीच चित्रपटाला भयकथेच्या वर नेते.

दुसरी कथा, तेन्साई ओकामुरा दिग्दर्शित ‘स्टिंक बॉम्ब’, चढ्या आवाजातली आहे. यामानाशी भागातल्या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोबुओ तानाका हा सर्दीने बेजार झालेला तरुण चुकीची गोळी घेतो. मग त्याच्या अंगातून असा वायू सुटू लागतो की वाटेत येणारी माणसे, पाखरे, जनावरे सगळी आडवी होतात. भर हिवाळ्यात झाडे मात्र फुलून येतात. त्याला टोकियोच्या मुख्य कार्यालयातून हुकूम येतो की कागदपत्रे आणि नमुने घेऊन ताबडतोब इकडे ये. तो निघतो. त्याच्यावर रणगाडे आणि क्षेपणास्त्रे सोडली जातात, आणि हे सगळे आपल्यामुळे चालले आहे याचा त्याला पत्ताही नाही. साहेबांनी बोलावले आहे, म्हणजे जायचे. त्याच्यासारखा सज्जन, आज्ञाधारक नोकर कुठल्याही कंपनीला आवडेल. वीसेक मिनिटांनंतर या कथेत तेच तेच होत राहते हे खरे. पण तानाका हा सुगिओकाचा भाऊबंद आहे, आणि ४४४-१ चाही.

तिसरी ‘कॅनन फॉडर’, स्वतः ओतोमोंची, फक्त बावीस मिनिटांची. माझ्या मते सबंध संग्रहातली सर्वांत मोठी. एक शहर आहे ज्याच्या प्रत्येक छपरावर तोफ आहे. सकाळी एक मुलगा उठतो, भिंतीवरच्या तोफाधिकाऱ्याच्या चित्राला सलाम ठोकतो, शाळेत जातो. शाळेत गणित शिकवतात ते गोळा किती अंशांत उडवावा याचे. आई गोळ्यांच्या कारखान्यात, बाप सतरा नंबरच्या तोफेवर गोळा भरणारा. धूर, वंगण, शिट्ट्या, हुकूम. शेकडो माणसे तासन् तास राबतात तेव्हा एक गोळा तोफेत बसतो. मग तो चित्रातला गलेलठ्ठ अधिकारी थाटात येतो, ठरलेले हातवारे करतो आणि कळ ओढतो. गोळा कुठे जातो? शत्रूच्या हलत्या शहरावर, असे म्हणतात. संध्याकाळी बातम्यांत सांगतात की नेम अचूक लागला. शत्रू आपल्याला एकदाही दिसत नाही. मुलाला मोठेपणी बापासारखे गोळे भरायचे नाहीत, कळ ओढायची आहे. आपण लढतो कोणाशी, असे तो रात्री बापाला विचारतो. मोठा झालास की कळेल, असे बाप सांगतो. बापालाही ठाऊक नसावे, हे त्याच्या दमलेल्या पाठीवरून दिसते.

या कथेत दृश्य तुटत नाही. कॅमेरा खोलीतून रस्त्यावर, रस्त्यावरून आगगाडीत, तिथून तोफेच्या पोटात असा एकसलग फिरत राहतो. प्रत्यक्ष कॅमेऱ्याने हे करणे अवघड असते, हाताने काढलेल्या चित्रांत तर त्याहून अवघड, कारण प्रत्येक तुकड्याची पार्श्वभूमी वेगळी रंगवायची ही तिथली रीत. इथे एक पार्श्वभूमी दुसरीत मिसळत जायला हवी, कोन बदलत जायला हवा आणि जोड दिसता कामा नये. हा खटाटोप कौशल्य दाखवण्यासाठी केलेला नाही. दृश्य तुटले असते तर आपण क्षणभर त्या शहराबाहेर गेलो असतो. ओतोमो आपल्याला बाहेर जाऊ देत नाहीत. तिथे राहणाऱ्यांनाही बाहेर नाही.

आता हे तिन्ही लघुपट आणि १९८७ चे ते जंगलातले बांधकाम शेजारी ठेवून पाहावे. मुकादमाला कोणी थांबवू शकत नाही. एव्हाचे यंत्र ती मेल्यावरही थांबत नाही. तानाका हुकूम पुरा केल्याशिवाय थांबत नाही. तोफेचे शहर तर रोज सकाळी नव्याने सुरू होते. ओतोमोंच्या यंत्रांत माणसाचा द्वेष नाही, बंड नाही, जगावर राज्य करण्याची हाव नाही. त्यांना एकदा काम नेमून दिलेले आहे आणि ते का दिले हे विचारणारे कोणी उरलेले नाही, एवढेच. पाश्चात्त्य विज्ञानपटांत यंत्र बहुधा आज्ञा मोडते म्हणून भयंकर ठरते. इथे ते आज्ञा पाळते म्हणून भयंकर आहे. युद्धात हुकूम पाळून बेचिराख झालेल्या आणि नंतर कंपन्यांत हुकूम पाळून उभ्या राहिलेल्या देशातल्या चित्रकाराने हे काढावे, याला अर्थ आहे.

नंतरच्या चित्रपटांविषयी पुढच्या प्रकरणांत सविस्तर आहे, इथे थोडक्यात. मोरिमोतो आणि निर्मात्या एइको तानाका यांनी सहकाऱ्यांसह उभ्या केलेल्या स्टुडिओ ४° सी या संस्थेने २००७ आणि २००८ मध्ये ‘जीनियस पार्टी’चे दोन भाग काढले. त्यांत प्रयोग पुष्कळ आहेत, कथा कमी. २००३ चा ‘ॲनिमेट्रिक्स’ अमेरिकन पैशाने आणि बराचसा जपानी हातांनी झाला. नऊ लघुपट आहेत आणि एका गाजलेल्या चित्रपटाच्या जगाला ते बांधलेले आहेत, तरी माहिरो माएदा यांचे दोन भाग आणि ताकेशी कोइके यांचा धावपटूवरचा ‘वर्ल्ड रेकॉर्ड’ स्वतःच्या बळावर उभे राहतात. २०१३ च्या ‘शॉर्ट पीस’मध्ये ओतोमो एडोतल्या, म्हणजे जुन्या टोकियोतल्या आगीकडे वळले, आणि विज्ञानकथा उरली ती एकाच भागात, हाजिमे कातोकी यांच्या ‘अ फेअरवेल टू वेपन्स’मध्ये. ती मूळ ओतोमोंचीच जुनी चित्रकथा. ओस पडलेल्या शहरात एक मानवरहित रणगाडा अजून गस्त घालतो आहे, कारण गस्त थांबवायला त्याला कोणी सांगितलेले नाही.

वाचकांना एक विनंती. या पुस्तकातल्या लेखकांनी चित्रपटांचे शेवट लपवलेले नाहीत, आणि शेवटांची चर्चा केल्याशिवाय या चित्रपटांविषयी नीट बोलताही येत नाही. तेव्हा पुढची पाने उलटण्याआधी निदान ‘मेमरीज’ पाहून घ्या, मूळ जपानी आवाजात, आणि शक्यतो तिन्ही कथा एका बैठकीत पाहू नका. ‘मॅग्नेटिक रोझ’ पाऊण तासाचा आहे. त्यानंतर लगेच काही पाहू नये, इतका तो मनात राहतो. ‘कॅनन फॉडर’ मात्र दोनदा पाहा, दुसऱ्या वेळी फक्त बापाकडे लक्ष ठेवून.